एका दांड्याचा टीव्ही-गेम

माप भरलं तरी वर मूठभर लाई टाकल्याशिवाय लाईबाई गिऱ्हाइकाला सोडत नसत. धानोऱ्याच्या बाजारात लाई विकणाऱ्या या बाईंचं खरं नाव कोणी घेत नसे. "माप तुमचं झालं, आता हे माह्याकडून," म्हणायच्या.

म्हणूनच त्या फसल्या. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला गावच्या पोरांना टीव्ही-गेम खेळवीन, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. घरी काळा-पांढरा टीव्ही होताच. चंद्रपूरच्या एका दुकानात गेमचा डबा स्वस्त दिसला. पैसे दिल्यावर खोकं उघडून बघायचं म्हणजे दुकानदारावर संशय घेणं, म्हणून तसाच घरी आणला. आत खेळायचा दांडा एकच. अडॅप्टर नाही, गेमची कॅसेट नाही.

मी तेव्हा ग्राहक-हक्कांची पत्रकं वाटत फिरायचो. बाईंसोबत दुकानात गेलो. दुकानदार हसला. "ते सारं अलग मिळते, बाई. डब्यात आमाले काही सुटत नाई. कमाई तं दांड्यात न् कॅसेटमधीच हाये."

"मंग डब्याले दांड्यासाठी दोन भोकं काऊन पाडली, भाऊ? कान टोचाले?"

लूट, आणि तीही अभिमानानं सांगायची! स्वस्त डब्यानं घरात शिरायचं आणि मग एकेका तुकड्यासाठी ओरबाडायचं. मला किळस आली. अडॅप्टर आणि एक कॅसेट घेतली तेवढ्यातच बाईंजवळचे पैसे संपले. दुसरा दांडा राहिला.

मंडईला बाईंनी पोरं जोडीनं बसवली. एकानं दांडा फिरवायचा, दुसऱ्यानं बटण दाबायचं.

"दाब ना बे!"

"तू वळव तं आधी!"

अंगणभर कल्ला. एकट्याला खेळू द्या म्हटलं, तर माझ्यावरच उखडल्या, "बाकीच्यांनी का तोंड पाहत बसाचं?"

संध्याकाळी ओढाताणीत दांडा मोडला. दुकानदार म्हणाला, या डब्याचा दांडा आता येत नाही, नवं मॉडेल घ्या. मी संतापून पत्रक लिहिलं, आणि नव्या डब्यासाठी वर्गणी काढायलाही निघालो. बाईंनी दारातच अडवलं. "काऊन? त्याचाच गल्ला भराले? मले नोको, अन् माह्या पोरायलेही नोको."

पावसाळ्यात त्या तापानं गेल्या. माझ्या पत्रकानं एकही दांडा स्वस्त झाला नाही. पुढच्या मंडईला त्यांच्या आठवणीसाठी म्हणून मीच पुन्हा वर्गणीचं काढलं. मग एक पोरगी म्हणाली, "बाई नोको म्हणे ना, भाऊ."