करदोड्याची रेघ

वर्गात पहिल्यांदा एक माणूस कपड्यांशिवाय समोर उभा राहिला, तेव्हा मी बराच वेळ लेन्स पुसत बसलो होतो.

ते काका पन्नाशीचे होते. पहाटेपासून मार्केट यार्डात हमाली करायचे आणि आठवड्यातून एकदा दुपारी आमच्या फोटोग्राफीच्या वर्गात मॉडेल म्हणून यायचे. पडद्यामागे शर्ट-पँटची नीट घडी घालून ते बाहेर आले आणि खिडकीपाशी पाठमोरे उभे राहिले. अंगावर कमरेचा काळा करदोडा तेवढा होता. त्यांची अट एकच होती. "तोंड नको. लेकीचं सासर हितंच हाय, पुण्यात."

सर म्हणाले, "माणूस विसरा. डोंगर समजा. उजेड बाजूने येऊ द्या, म्हणजे चढ-उतार दिसतील."

मला डोंगर दिसेना. उघडा पुरुष मी गावी विहिरीवर पाहिला होता, तालमीत पाहिला होता. पण तिथे कोणी कोणाकडे बघत उभं राहत नाही. मी कॅमेरा उचलला आणि खिडकीची चौकट, सावली, पडद्याची कड असं काहीबाही टिपत राहिलो. शेजारची मैत्रीण कुजबुजली, "अरे, काकांचा नंबर कधी येणार?"

संध्याकाळी आईचा फोन आला. आमच्या घरात कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे ती रोज विचारते, "आज काय शिकवलं?"

"उजेड," मी म्हणालो.

तिसऱ्या आठवड्यात मला एक फोटो साधला. उजेड मऊ व्हावा म्हणून खिडकीवर ट्रेसिंग पेपर लावला होता. काकांची पाठ मानेखालून कमरेपर्यंत उजळली होती आणि ओझ्याने जाड झालेला उजवा खांदा टेकडीसारखा दिसत होता. फक्त खाली करदोडा आडवा येत होता. त्याच्यापाशी नजर अडखळायची.

शनिवार-रविवार मी धायरीतल्या एका लग्नाच्या स्टुडिओत अल्बमचे फोटो दुरुस्त करायचो. नवरीचे पुरळ, नवरदेवाच्या काखेतला घाम, बापाच्या चेहऱ्यावरचा थकवा, सगळं पुसायचो. त्याच सवयीने मी करदोडाही पुसला. पाचेक मिनिटांचं काम. मूळ फोटोवरच सेव्ह केलं आणि पुढच्या वर्गासाठी कॅमेऱ्यातलं कार्ड कोरं करून टाकलं.

सरांनी तो फोटो वार्षिक प्रदर्शनासाठी निवडला. एवढंच म्हणाले, "चला, खिडकीच्या चौकटीतून बाहेर पडलात." मला फार आनंद झाला. पुढच्या वेळी काका आले तेव्हा मीच उत्साहाने त्यांना प्रिंटसमोर नेलं.

ते बघत राहिले. "ह्यो कोण?"

"तुम्हीच, काका."

"मी न्हाई." मग त्यांनी प्रिंटवर कमरेपाशी बोट ठेवलं. "करदोडा कुठं गेला?"

"कॉम्प्युटरवर काढला. मध्ये येत होता."

"कधी तोडत्यात, म्हाईत हाय का तुला?"

मला माहीत होतं. आजोबांना सरणावर ठेवण्याआधी चुलत्याने त्यांचा करदोडा तोडला, तेव्हा मी हातभर अंतरावर उभा होतो. ते मला आठवायला हवं होतं. फोटो पुसताना आठवलं नाही.

"बाकी समदं काढतो की मी तुमच्याम्होरं," काका म्हणाले. "त्यो न्हाई काढत. आता लावायचा तर लाव. पर माझा म्हणून सांगू नको." आणि ते पडद्यामागे कपडे उतरवायला गेले. नेहमीसारखे उभे राहिले. त्या दिवशी मी एकही फोटो काढला नाही.

फोटोत चेहरा नव्हता. तो कोणाचा हे कोणाला कळणारच नव्हतं. तरी मला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी सरांना म्हणालो, "तो फोटो नको लावूया."

"का? परवानगी होती ना?"

"होती. पण तो आता त्यांचा राहिला नाही."

"बरं. मग तुमच्या जागी नुसता खिळा ठोकून ठेवू का? पुढच्या सोमवारी प्रदर्शन आहे."

मी सकाळी मार्केट यार्डात गेलो. काका बटाट्याच्या गाळ्यापुढे ट्रक खाली करत होते. मी बाजूला थांबलो. पोती संपली, तेव्हा जवळ जाऊन विचारलं, "काका, पुन्हा उभे राहाल? चूक झाली माझी."

त्यांनी गमछ्याने मान पुसली. "तुझा हाय का?"

"काय?"

"करदोडा."

मी इकडेतिकडे पाहिलं. मग तिथेच, सगळ्या हमालांसमोर, शर्ट वर करून दाखवला. दर वर्षी आई नवा बांधते तो. मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, पोराला हितंच उघडा करताय व्हय!" सगळे हसले. माझे कान तापले. शर्ट खाली करावा की काका सांगेपर्यंत थांबावं, तेही कळेना.

"शुक्रवारी येतो," काका म्हणाले. "झाक आता."

शुक्रवारी ढग होते. उजेड सपाट पडला. पाठीवर पहिल्यासारखे चढ-उतार उठले नाहीत. करदोडा मात्र स्पष्ट आला, आणि त्याच्यावर कमरेची वळीही. सरांनी बघून मान हलवली. "आधीचा चांगला होता."

"हो, सर."

सोमवारी हाच लागला. हे बरोबर केलं का, याची अजूनही मला खात्री नाही. लोक शेजारच्या फोटोंपुढे थांबत होते आणि माझ्या फोटोपुढून सरकत होते. संध्याकाळी काका आले, इस्त्रीचा शर्ट घालून. वाकून त्यांनी कमरेजवळची काळी रेघ शोधली.

"हां," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "ही वळी तेवढी काढता आली नसती व्हय?"

"आली असती, काका."

त्यांनी शर्ट कमरेवर नीट ओढून घेतला.

"मग ऱ्हाऊ दे," म्हणाले.