तुळशीचं पाणी आणि अंगणातला स्विच

अंगणातल्या दिव्यांचा सेफ्टी स्विच रोज सकाळी माझी पूजा आटोपली की खटकन पडतो. दुपारी वर केला की मुकाट राहतो. फाटकाचा दिवा काढला, पंपाची पिन काढली, तरी पडतोच. वायरमन आला तो दुपारी. "काका, सगळं ठीक आहे," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. माझं डोकं चालेना.

बायको लेकीच्या बाळंतपणासाठी गेली आहे. फोनवर तिला हे सांगितलं, तर म्हणाली, "तुळशीला पाणी किती घालता?"

"तांब्याभर."

"अहो, जास्तीचं पाणी वृंदावनाखालून जाणाऱ्या दिव्यांच्या वायरीवर उतरतं. मी फुलपात्रभरच घालते, तेही हळू."

म्हणजे इतकी वर्षं हा स्विच आपोआप टिकला नव्हता. मग या घरातलं आणखी काय काय तिच्या हातावर टिकून आहे? आता दुधाचं पातेलं उचलतानाही मी बिचकतो.

आज फुलपात्र घेऊन तुळशीपुढे उभा राहिलो, आणि पुन्हा तिलाच फोन लावला.

"हळू म्हणजे किती हळू गं?"