वसुमती रावनं न केलेली सही

वसुमती रावला कुणी हट्टी म्हटलं तर ती रागवत नसे. 'एवढं कळायला तुम्हाला फार दिवस लागले,' एवढंच म्हणे. एकोणपन्नास वर्षांची ही बाई इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या शीतधारा नावाच्या कंपनीत मुख्य आर्किटेक्ट होती. इमारतींची नव्हे, सॉफ्टवेअरची. थंड ठेवावी लागणारी औषधं दक्षिणेतल्या इस्पितळांना पोचवणं, हा शीतधाराचा धंदा. ऑर्डरी घेणारी सिस्टिम एक, गोदामांची दुसरी, गाड्यांची तिसरी, शीतगृहांच्या तापमानाची चौथी. चारही वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या काळात केलेल्या, आणि एकमेकींशी सवतींसारख्या वागणाऱ्या. त्यांना एका घरात नांदायला लावलं ते वसुमतीनं. त्यात तिची चौदा वर्षं गेली.

तिचा नियम साधा होता. प्रत्येक सिस्टिमनं आपली एक खिडकी उघडायची. तिला ऑफिसात सर्व्हिस म्हणत. ज्याला जे हवं त्यानं खिडकीशी येऊन मागायचं. मागणं कसं लिहायचं आणि उत्तर कसं द्यायचं, ते ओपन स्टँडर्डनं ठरलेलं, म्हणजे कुणालाही वाचता येईल असं आणि कुठल्याही कंपनीच्या मालकीचं नसलेलं. दुसऱ्याच्या डेटाबेसमध्ये थेट हात घालायचा नाही. घातला तर वसुमतीशी गाठ.

हे शहाणपण तिला कॉलेजात मिळालं नव्हतं. तिचे वडील हयवदन राव यांचं चिकपेटेत हार्डवेअरचं दुकान. घराणं साडेतीनशे वर्षं याच कानडी गावातलं, घरातली मराठी अशी की पुण्याच्या माणसाला अर्धीच कळावी. गिऱ्हाईक कुठल्याही कारखान्याचा बोल्ट घेऊन आलं की हयवदन राव खणातून नट काढत आणि तो बसे. 'आट्यांचं माप कुणा एकाचं नसतंय वसू, म्हणून दुकान चालतंय,' असं ते सांगत. एकदा त्यांनी स्वतःचेच आटे पाडणाऱ्या एका कंपनीचे नळ ठेवले. कंपनी बुडाली आणि नळ आजही माळ्यावर आहेत.

गेल्या जूनमध्ये शीतधाराचं काम सहा तास ठप्प झालं. इस्पितळांच्या ऑर्डरी येत होत्या, पण गोदामाला एकही दिसत नव्हती. शेवटी माणसांनी फोनवर यादी घेत खोकी भरली आणि वेळ कशीबशी निभावली. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेले संचालक यशोवर्धन यांना हेच निमित्त हवं होतं. सगळ्या सर्व्हिसेस मोडीत काढायच्या आणि एका बड्या व्हेंडरचं एकसंध पॅकेज आणायचं, असा त्यांचा बेत होता. त्या पॅकेजमध्ये शीतधाराचा सगळा डेटा व्हेंडरच्या स्वतःच्या बंद साच्यात जाणार होता. एकदा आत गेला की बाहेर पडायची वाट नाही. पुढे ते म्हणतील ती पूर्व, अडला हरी गाढवाचे पाय धरी. खरेदी-समितीपुढे कागद तयार होता, फक्त मुख्य आर्किटेक्टची सही बाकी होती. बैठक बुधवारी होती.

सोमवारी महांतेश तिच्या टेबलाशी आला. हा धारवाडचा, सिस्टिम चालत्या ठेवणारा, मोजकं बोलणारा माणूस. जूनच्या त्या सहा तासांचा माग तो आठवडाभर काढत होता. त्यानं लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

गोदामाची सिस्टिम ऑर्डरींच्या खिडकीशी जातच नव्हती. एक ओळ थेट ऑर्डरींच्या डेटाबेसमध्ये हात घालत होती. जूनमध्ये ऑर्डरवाल्यांनी आपल्या घरातली मांडणी बदलली, त्यांना तो हक्कच होता, आणि तो चोरटा हात मोडला. ओळीच्या डोक्यावर टीप होती: 'तात्पुरतं. सोमवारी काढणे. व. रा.'

व. रा. म्हणजे वसुमती राव. तिला तो दिवस लख्ख आठवला. नऊ वर्षांपूर्वीची गौर. जे. पी. नगरच्या घरी पूजा खोळंबलेली, फोनवर फोन येत होते. खिडकी रीतसर उघडायला दोन दिवस लागले असते. तिनं दुपारी बारा वाजता ती ओळ घातली, वेणी माळली आणि घरी गेली. त्यानंतर साडेचारशे सोमवार येऊन गेले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि हे दुसऱ्या कुणी म्हणायची गरज नव्हती, ती स्वतःच म्हणत होती. लाजेनं तिचे कान तापले.

"अक्का, मी आत्ताच काढून टाकतो," महांतेश हळूच म्हणाला. "दुसऱ्या कुणाला दिसलेलं नाही. तुम्ही काही बोलू नका. सरी? ठीक ना?"

मोह झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. गप्प बसलं तर नाव राहत होतं. पण मग जूनचं खापर सर्व्हिसेसवर फुटणार, चोर सोडून संन्याशाला फाशी होणार, आणि तीही तिच्याच सहीनं.

"काढ," ती म्हणाली. "पण आधी ते पान छापून दे. टिपेसकट."

बुधवारी यशोवर्धन यांची पहिलीच स्लाइड सांगत होती की जूनची घटना सर्व्हिसेसच्या गुंतागुंतीमुळे झाली. समितीचे अध्यक्ष विद्याधर, आयुष्यभर सरकारी कारखान्यात इंजिनिअरकी करून निवृत्त झालेले गृहस्थ, चष्मा पुसत होते. वसुमतीनं ते पान त्यांच्यापुढे सरकवलं आणि सगळं सांगितलं. गौरीसकट सांगितलं.

"म्हणजे चूक तुमची आहे, हे तुम्ही ॲक्सेप्ट करताय?" यशोवर्धन यांनी विचारलं.

"हो. माझी आहे, नियमाची नाही. मी नियम पाळला नाही, म्हणून जून झाला. त्यावर तुमचा उपाय काय, तर नियमच नको."

"फ्रँकली बोलू का मॅडम? ही सिस्टिम तुमच्याशिवाय कुणालाच चालवता येत नाही, म्हणून तुम्हाला ती हवीये. तुम्ही तुमची खुर्ची प्रोटेक्ट करताय."

वसुमतीचं डोकं फिरलं ते इथे. चूक कबूल करताना तिचा आवाज कापला नव्हता, आता कापला.

"मग मला काढा आणि बघा," ती म्हणाली. "कुणालाही बसवा, चालेल. चालावं म्हणूनच ते असं बांधलंय. त्या पॅकेजवाल्यांना आत घ्या, आणि मग त्यांना काढून बघा."

सहीच्या जागी तिनं 'असहमत' लिहिलं, खाली तारीख घातली आणि कागद परत ढकलला.

विद्याधर यांनी व्हेंडरला एकच प्रश्न लेखी विचारला: आमचा डेटा ओपन स्टँडर्डमध्ये आमच्या हातात परत द्यायला किती दिवस लागतील? उत्तर आलं, आठ महिने, आणि तेही नक्की नाही. खरेदी थांबली. वसुमतीचं पद मात्र त्याच आठवड्यात गेलं. त्याबद्दल तिनं कुरकुर केली नाही. नऊ वर्षं न काढलेल्या ओळीची शिक्षा तिला वाजवी वाटली. तिला तिसऱ्या मजल्यावर नव्या भरतीच्या पोरापोरींना शिकवायला बसवलं आणि तिच्या जागी सुप्रीता नावाची, तिच्याच हाताखाली तयार झालेली मुलगी आली. कारभार सोपवायला दीड दिवस लागला. बाकीचं सगळं लिहून ठेवलेलं होतं.

यशोवर्धन जेवणाच्या टेबलावर उघड पैज लावत होते. महिनाअखेरीला हुबळीचं नवं गोदाम जोडायचं होतं, वसुमतीवाचून पहिलंच. "आठ दिवसांत तिसऱ्या मजल्यावर फोन जातो की नाही बघा," असं ते म्हणत.

वसुमती फोन टेबलावर उलटा ठेवत असे. आता सुलटा ठेवू लागली. जोडणी फसू नये असं तिला मनापासून वाटत होतं. आणि फोन यावा, असंही वाटत होतं. अकरा दिवस तिनं तो पाहिला. चौदा वर्षांत दिवसाला चाळीसदा वाजणारा फोन गप्प पडला की माणसाला बरं वाटत नाही, मग ते स्वतःचंच जिंकणं का असेना.

बाराव्या दिवशी महांतेश जिना चढून वर आला.

"अक्का, हुबळी जोडलं. काल दुपारीच."

"कुठे अडलं नाही?"

"स्वल्प अडलं होतं. सुप्रीतानं तुमचे कागद काढले. त्यात होतं सगळं."

"मला विचारावंसं नाही वाटलं कुणाला?"

महांतेश ओशाळला. "गरजच पडली नाही, अक्का."

वसुमतीनं पदर सारखा केला.

"यशोवर्धनना लेखी कळव," ती म्हणाली. "आणि सगळ्या समितीला प्रत पाठव. माझ्यावाचून झालं, असंच लिही."