भावोजी आणि दुसरी किल्ली

जगात कोणतीही वस्तू एकाहून जास्त असू नये, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या मावसबहिणीचा नवरा निघाला. भावोजींकडे छत्री एक, पेन एक, चहाचा कपही एक. पाहुणा आला की आधी स्वतः पिणार, मग कप विसळून त्याला देणार. दोन हजार सालच्या आसपास त्यांनी रत्नागिरीत सॉफ्टवेअरचं ऑफिस थाटलं. नोकरीला मी एकटा आणि कुलपाला किल्ली एक. ती एकदा त्यांच्या शर्टासोबत परटाकडे गेली, आणि आम्ही अर्धा दिवस जिन्यात बसून काढला. दुसरी करून घेऊ या म्हटलं, तर म्हणाले, "हरवलीय कुठे? परटाकडे आहे ना."

एवढ्यावर भागतं तर मी गप्प बसलो असतो. पण हाच हट्ट त्यांनी जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत नेला. पावस गावच्या एका फॅक्टरीच्या कोल्ड स्टोरेजसाठी आम्ही प्रोग्राम लिहीत होतो. गोठवलेल्या आंब्याच्या पल्पचं तापमान मर्यादेवर गेलं की भोंगा वाजायला हवा. ही मर्यादा फाइलीतून वाचणारा क्लास, म्हणजे प्रोग्रामातला साचा, भावोजींनी असा बांधला होता, की त्यातून ऑब्जेक्ट, म्हणजे प्रत्यक्ष वस्तू, एकदाच तयार होणार आणि प्रोग्रामचा जो तो भाग थेट त्यालाच जाऊन विचारणार. भोंग्याची चाचणी घ्यायला मला खोटी मर्यादा देताच येईना. फाइल बदलली, तरी पहिल्या चाचणीत वाचलेला आकडा ते ऑब्जेक्ट शेवटपर्यंत धरून बसे. म्हणजे दर चाचणीला सगळं बंद करून पुन्हा चालू करा. आठवडाभरात माझं डोकं फिरलं.

"भावोजी, भोंग्याला मर्यादेची सेटिंगं बाहेरून हातात देऊ या. फॅक्टरीत तुमचं ऑब्जेक्ट, चाचणीत माझं."

"फॅक्टरी एक आहे ना मेल्या? मग सेटिंगं दोन कशास?"

"भोंगा वाजला नाही आणि पल्प नासला, तर आपलं गिऱ्हाईकही एकच आहे."

 शेवटी, भोंग्याला सेटिंगं बाहेरून देता यावीत म्हणून, त्यांनी आपल्या क्लासला एक ओळ जोडू दिली, तीही स्वतः शेजारी उभं राहून.

त्यांच्या फाइलीत नमुन्याला पाच अंश होते. मी माझ्या खोट्या सेटिंगांत फॅक्टरीचे खरे वजा अठरा घातले, आणि भोंगा मुका झाला. आकडा शून्याखाली असला म्हणजे मर्यादेचा आकडा कुणी लिहिलेलाच नाही, असं धरून चालणारी एक ओळ भोंग्यात होती. ती माझी होती. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर एक नवी कोरी किल्ली ठेवली. "मी एखादे दिवशी आलो नाही, तर जिन्यात नको बसूस," एवढंच म्हणाले.

काही वर्षांनी भावोजी गेले. ताईने त्यांची किल्लीही माझ्याकडे दिली. त्यांची फार आठवण येते. दोन्ही किल्ल्या खिशात असतात, तरी सकाळी कुलूप उघडण्याआधी मी थोडा वेळ जिन्यात बसतो.