बाककाकांची गाडी आणि न वाचलेल्या फळ्या

शाळेतली बाकं कोण दुरुस्त करतं, हा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. बाक मोडतं, सुट्टी लागते, सुट्टी संपते आणि बाक पुन्हा चार पायांवर उभं दिसतं. मधल्या दिवसांत कानावर पेन्सिल खोवलेला एक बुटका माणूस तिथे येऊन गेलेला असतो. आसपासच्या वीस-बावीस शाळांमध्ये त्यांना बाककाका म्हणत. खरं नाव विचारायची तसदी कुणी घेतली नाही, आणि काकांनाही त्याचं काही वाटलं नाही. त्यांची बायको ओघानेच बाककाकू झाली.

काकांचं दुकान चाकांवर होतं. पत्र्याचा एक ट्रेलर. त्यात रंधे, करवती, पटाश्या, लाकूड आवळून धरायचा लोखंडी शिकंजा आणि फळ्या. तो ओढायला एक जुनी स्टेशन वॅगन. लेक बालवाडीत गेली त्या वर्षी घेतलेली. लेक आता स्वतः दोन पोरांची आई झाली, तरी गाडी तीच. या गाडीतून लेक शाळेत गेली, सहलीला गेली आणि लग्न होऊन सासरीही गेली. काका धुता धुता अजून गाडीशी बोलत. बायकोशी बोलत त्यापेक्षा जास्तच, असं काकू म्हणे.

दोघांची कामाची वाटणी ठरलेली होती. काका बाकाची वरची फळी सोडवत. काकू बोथट सुरीने खालचं वाळलेलं च्युइंगगम खरवडून काढी, मग चष्मा लावून फळीवर मुलांनी कोरलेलं सगळं मोठ्याने वाची. वाचून झालं की मगच काकांनी रंधा मारायचा. हा नियम पहिल्याच वर्षी पडला होता. काकांनी एक फळी सरळ गुळगुळीत करून टाकली, तेव्हा काकू उसळलीच.

"अहो, वाचलंत तरी का? पोरानं वर्षभर कर्कटकानं खोदलं असेल ते!"

"त्यात काय वाचायचं? पोरं काय लिहितात, गणित मुर्दाबाद."

"मग तेच वाचायचं. कुणीतरी वाचावं म्हणूनच लिहिलं ना त्यानं?"

तेव्हापासून तीस वर्षं हेच चाललं होतं. 'बाई आज रागावल्या.' 'मी इथे बसत होतो.' 'पुढच्याची पाठ फार मोठी आहे.' काकू वाची आणि प्रत्येकाला उत्तर देई: "असेल हो बाबा, मोठीच असेल." मग काकांचा रंधा चाले. लोकांना हे खूळ वाटे. काकांनाही आधी वाटलं होतं, पुढे त्यांना त्याच्याशिवाय करमेना.

मग काकूच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं, डॉक्टर भले होते, सहा महिन्यांत ती घरात हिंडू-फिरू लागली. फक्त त्यांनी एक बजावलं, "गाडीत बसा खुशाल, पण धक्के नकोत." आता त्या गाडीच्या स्प्रिंगा इतक्या थकल्या होत्या की रस्त्यावरचा खडा गोल होता की चपटा, हे आत बसलेल्याला कळे. काका एकटेच फेरीवर जाऊ लागले. असं वर्ष गेलं.

त्या वर्षात गाडी मागून जास्तच बसू लागली. ट्रेलर जोडला की तिचं ढुंगण रस्त्याला आणि नाक आभाळाला. दिवे लावले की रस्ता दिसायच्या ऐवजी झाडांवरची घरटी दिसत. शेवटी काका गाड्यांच्या स्प्रिंगा बसवणाऱ्या फिटरबाईंकडे गेले.

फिटरबाईंचं वर्कशॉप टायरच्या दुकानामागे एका लांबलचक शेडमध्ये होतं. भिंतीवर खिळ्यांना लहान-मोठ्या स्प्रिंगा टांगलेल्या, कोपऱ्यात तीन पायांचं एक डुगडुगणारं स्टूल. हे काम त्या वडिलांच्या हाताखाली शिकल्या होत्या. चाळिशीची, कमी बोलणारी बाई, हाताला ग्रीस आणि जिभेला धार. वडिलांचा एक नियम त्या पाळत. गाडी एकटी बघायची नाही, तिचं बिऱ्हाड बघायचं. कोण बसतं, काय लादतं, कुठे जातं, हे कळल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही.

"काय तक्रार, काका?"

"मागून बसते."

"ट्रेलरमध्ये काय असतं?"

"हत्यारं. नेहमीचंच." ट्रेलर काकांनी मुद्दाम घरी ठेवला होता.

"आणि गाडीत किती माणसं?"

काकांनी हाताने टपावरची धूळ पुसली. "मी एकटाच असतो," ते म्हणाले. यात खोटं काही नव्हतं, आणि खरंही फारसं नव्हतं. बायकोसाठी गाडी मऊ करून हवी, हे परक्या बाईला सांगायची त्यांना लाज वाटली. मजबूत स्प्रिंगा टाकल्या की सगळं आपोआप नीट होईल, असं त्यांनी धरलं होतं. सुतारच ते; लाकूड वाकलं की जाड लाकूड लावायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

त्या दिवशी शेडमध्ये तीन गाड्या खोळंबल्या होत्या. फिटरबाईंनी काकांच्या शब्दावर विश्वास ठेवला, जाड तारेच्या स्प्रिंगा बसवल्या आणि गाडी परत दिली. गाडी कशी ताठ उभी राहिली! शाळेच्या फोटोसाठी उभं केलेलं पोरच जणू. काकांनी घरी येऊन आरोळी दिली, "अगं, चल, एक चक्कर मारू!"

दोन गल्ल्या झाल्या. गाडी रिकामी, स्प्रिंगा दणकट. तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आला आणि दोघं आसनावरून वीतभर उडाली. काकूने दाराची मूठ घट्ट धरली होती, पण तोंडातून ब्र काढला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. घरी आल्यावर ती हसून म्हणाली, "छान झालीय हो गाडी. तुम्ही या जाऊन. माझी घरात बरीच कामं पडलीत."

घरातली सगळी कामं तिने सकाळीच उरकली होती, हे काकांना माहीत होतं. ते अंगणात गाडीत जाऊन बसले आणि त्यांना रडू आलं. ती आता कधीच येणार नाही, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं.

शिवाय ट्रेलर जोडल्यावर गाडी अजूनही खचतच होती. एवढं निमित्त धरून काका पुन्हा शेडमध्ये गेले. फिटरबाईंनी मागे बघितलं, पुढे बघितलं, मग खिडकीतून आत बघितलं. काकांच्या शेजारच्या आसनावर कापसाची नवी उशी होती, पाठीला येईल अशी, दोरीने बांधलेली.

"एकटे असता ना, काका?"

"हो."

"मग ही उशी कुणाची?"

काकांनी खाली बघितलं. मग ते स्टुलावर बसले, स्टूल डुगडुगलं आणि त्यांनी सगळं सांगितलं. ऑपरेशन, धक्के, तिसरी गल्ली, दाराची मूठ. फिटरबाईंनी हातातलं फडकं गाडीच्या टपावर आपटलं.

"आजार रेड्याला आणि औषध पखालीला! अहो, हे आधी नाही का सांगायचं? आणि मीही काय, विचारून गप्प बसले. बाबा असते तर माझा कान धरला असता. उद्या ट्रेलर आणा. आणि काकूंना आणा. सावकाश, माणूस चालतो तेवढ्याच वेगाने."

दुसऱ्या दिवशी सगळं बिऱ्हाड शेडमध्ये हजर झालं. फिटरबाईंनी घरातला माणसं तोलायचा वजनकाटा आणला, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा केला आणि ट्रेलरचं नाक, म्हणजे गाडीच्या हुकावर बसतं ते टोक, त्याच्यावर टेकवलं. काटा शंभराच्या पुढे गेला.

"या गाडीला मागून पाऊणशे किलोच्या वर सोसत नाही. नाकापेक्षा मोती जड झालाय, काका. एवढं पुढे काय भरलंय?"

"हत्यारंच."

"उघडा."

काकांनी दार उघडायला बराच वेळ लावला. आत अगदी पुढच्या बाजूला चादरीत गुंडाळलेला एक उंच ढीग होता. काकू वाकून बघू लागली आणि ओरडली, "ही चादर! मी वर्षभर शोधतेय ही चादर! धोब्याला काय काय बोलले मी!"

फिटरबाईंनी चादर ओढली. खाली बाकांच्या जुन्या फळ्या होत्या. एकतीस. चांगल्या, शाबूत, रंधा मारला असता तर आणखी दहा वर्षं टिकल्या असत्या. काकांनी प्रत्येक शाळेत "कुजलीय" असं ठोकून देऊन त्यांच्या जागी नवी फळी बसवली होती.

"या कशाला ठेवल्यात?" काकूने विचारलं.

"तू वाचलेल्या नाहीत."

काकूने वरच्या फळीवरून बोटं फिरवली. मग हळूच म्हणाली, "मग घरी का नाही आणल्यात? मी वाचल्या असत्या की."

"म्हणूनच नाही आणल्या," काका म्हणाले. "घरीच वाचल्या असत्यास, तर मग तू परत यायचीस कशाला?"

फिटरबाई पाना शोधू लागल्या. पाना त्यांच्या हातातच होता.

मग कामाला सुरुवात झाली. फळ्या शेडच्या भिंतीला ओळीने लावल्या. शिकंजा आणि हत्यारांची पेटी चाकांच्या वर आणली. अगदी मागे मात्र काही ठेवू दिलं नाही. मागे वजन गेलं की ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवत सुटतो, असं फिटरबाईंनी दोनदा बजावलं. काटा सत्तरावर आला. जाड स्प्रिंगा काढून त्यांनी गाडीच्या मूळ जातीच्या नव्या स्प्रिंगा बसवल्या, शॉकअप बदलले आणि प्रत्येक स्प्रिंगच्या पोटात एकेक रबरी फुगा घातला. ट्रेलर जोडला की त्यात हवा भरायची, सोडला की काढायची. म्हणजे ओझं असताना गाडी खचणार नाही, आणि नसताना उडणार नाही.

हे चालू असताना काकू चष्मा लावून एकेका फळीपुढे उभी राहून वाचत होती. "'इथून झाड दिसतं.' हो का? बरं झालं बाई. 'मला घरी जायचंय.' गेला असशील रे आता. 'हे वाचणारा गाढव.'"

"ती फळी खास तुमच्यासाठीच हो, काकू," गाडीखालून फिटरबाईंचा आवाज आला.

काकू इतकी हसली की तिला पाठीला हात लावावा लागला. दुखलं म्हणून नव्हे, सवयीने. काका नुसते बघत उभे राहिले. देवाने, डॉक्टरांनी, या गाडीने आणि गाडीखाली झोपलेल्या या बाईने मिळून आपल्याला हे दिलं, असं त्यांच्या मनात आलं. पण बोलायला गेले तेव्हा निघालं ते भलतंच.

"ताई, ते स्टूल देता का जरा? डुगडुगतं."

"बाबांचं आहे. रंधा लावायचा नाही."

"नाही लावत."

काकांनी पायाच्या खोबणीत बारीकशी पाचर ठोकली. फिटरबाईंनी त्यावर बसून पाहिलं, थोडं पुढे-मागे झाल्या आणि पुन्हा गाडीखाली गेल्या. दोघं निघाली तेव्हा त्यांनी ती उशी स्वतः नीट बांधून दिली.

सोमवारी दोघं निघाली. टेकडीपलीकडची शाळा, तासाभराचा रस्ता, त्यातला अर्धा उखडलेला. काका पहिल्या खड्ड्याला श्वास रोखून होते. गाडी खाली गेली, वर आली, ट्रेलर मुकाट मागे आला. दुसऱ्या खड्ड्यानंतर काकू काहीतरी सांगत होती. चौथ्या-पाचव्यानंतर तिचं बोलणं थांबलं. काकांनी घाबरून बघितलं, तर तिची मान उशीवर कलली होती. ऑपरेशनपासून घरच्या खुर्चीतसुद्धा तिला बसल्या बसल्या झोप लागली नव्हती.

शाळेशी पोचले तेव्हा राखणदाराने फाटक सताड उघडलं आणि हात केला. काकांनीही हात केला आणि गाडी तशीच पुढे नेली. शाळेला वळसा घालून ती परत आली, राखणदाराने पुन्हा हात केला, आणि गाडी पुन्हा पुढे गेली. बाककाकांना आता शाळाही ओळखू येत नाही, असं त्याने आत जाऊन सांगितलं.

तिसऱ्या फेरीला काकूने डोळे उघडले आणि चष्मा चाचपला.

"पोचलो का हो?"

"आत्ताच," काका म्हणाले.