नवा फिल्टर नीट ठेवलाय

एसी लावल्यावर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एचएसआर लेआउट नावाच्या उपनगरात राहायचो आणि पुण्याहून बाबा आले होते. गाडीच्या एसीला असाच वास यायला लागला होता, म्हणून त्याचा फिल्टर बदलायला सर्व्हिस सेंटरला जातो म्हटल्यावर ते म्हणाले, “एवढ्याशा कामाला? घरीच बदलू.” म्हणून मी नवा फिल्टर मागवला. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये आम्ही ग्लव्ह बॉक्स उतरवून जुना फिल्टर ओढला, तर माझ्या मांडीवर धूळ, वाळकी पानं आणि एक मेलेलं झुरळ! तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. “तू जा, मी बसवतो,” बाबा म्हणाले आणि मी गेलो, हीच चूक. सोमवारी ऑफिसला जाताना सिल्क बोर्ड चौकातल्या ट्रॅफिकमध्ये एसी लावला, तर कुबट वास होताच, वर कपड्यांच्या साबणाचाही! घरी येऊन बाबांना विचारलं. “जुनाच धुऊन, उन्हात वाळवून बसवला. चांगला आहे की अजून.” “अहो बाबा, तो कागदाचा असतो! मग नवा कुठाय?” “कपाटात नीट ठेवलाय. लागेल कधीतरी.” मी कपाळावर हात मारून घेतला. ती गाडी विकूनही आता जमाना झाला. आताच्या गाडीला तो फिल्टर बसतसुद्धा नाही. परवा कपाट आवरताना बायकोने तो वेष्टनासकट वर धरला आणि विचारलं, “हा टाकू का?” माझ्या तोंडून निघून गेलं, “राहू दे गं, लागेल कधीतरी.”