काठोकाठ भरणारी ब्लाझेना

ब्लाझेना कौदेल्कोवाने आयुष्यात कुणाला कमी मापाची बिअर पाजली नाही. तिची नोकरी जायची वेळ आली, ती याच गुणापायी.

आमचा बिअरचा कारखाना बंद व्हायला निघाला, तेव्हा संघटनेच्या बायकांना घेऊन मालकाच्या दारात मीच ठाण मांडलं होतं. शाळा मी मध्येच सोडली, पण कामगार कायदा मला मालकाच्या वकिलापेक्षा चोख पाठ आहे, आणि तो वकील हे विसरलेला नाही. तरी कारखाना गेलाच. ब्लाझेना आंबवायच्या टाक्यांवर होती. तिला मी भांडून-तंडून ब्रनो शहरातल्या एका प्रयोगशाळेत चिकटवली.

तिथलं काम असं. जखम भरताना आपल्या अंगातलं एक प्रथिन पेशींना ‘वाढा’ म्हणून हाक देतं. ते बनवायची कृती जीवाणूंच्या पोटात घालायची आणि त्यांना खाऊपिऊ घालायचं. स्वतःला काडीचा उपयोग नसलेलं माणसाचं प्रथिन ते बिचारे बनवत बसतात. मग त्यांना फोडायचं, प्रथिन गाळून शुद्ध करायचं आणि चिमुकल्या नळ्यांत भरून संशोधकांना धाडायचं. औषध नव्हे, फक्त प्रयोगापुरतं.

ब्लाझेना म्हणाली, “म्हणजे राबायचं त्यांनी आणि माल दुसऱ्याचा. कळलं. आमच्या कारखान्यासारखंच.”

पहिले काही महिने तिने भांडी धुतली, जीवाणूंना खायला लागणारं सूप शिजवलं. मग तिथले प्रमुख डॉक्टर राडिम वाशिचेक यांनी तिला एक अख्खी खेप एकटीने करायला दिली. जमली तर नोकरी कायम, नाही तर घरी. आणि आमच्या वयाची बाई एकदा घरी बसली की बसलीच.

फ्लास्क पाचव्या हिश्शापर्यंतच भरायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते मोठाले फ्लास्क आणि तळाशी घोटभर सूप बघून ब्लाझेनाला लाजच वाटली. आमच्याकडे ग्लासावर रेघ असते. बिअर रेघेच्या खाली दिसली की गिऱ्हाईक न बोलता ग्लास मागे सरकवतं, आणि मग त्या खानावळवाल्याच्या पोरांना शाळेतसुद्धा टोमणे बसतात. हिने ठरवून टाकलं की ही तरुण मंडळी एक तर चिक्कू, नाही तर आळशी. सगळे फ्लास्क गळ्यापर्यंत भरले आणि हलवायच्या यंत्रावर चढवले.

पण बिअर आंबताना हवा नसली तरी चालतं. या जीवाणूंना हवा लागते भरपूर. फ्लास्क वरून रिकामा ठेवायचा तो हलताना सुपात हवा मिसळावी म्हणून. इथे सगळे गुदमरले. तळाशी जीवाणूंचा साका धरला तो नावापुरता, आणि प्रथिन भिंगातून शोधावं इतकं.

खेप बिघडल्याचं कानावर आलं आणि माझं डोकं फिरलं. ट्राम पकडली, थेट डॉक्टरांच्या खोलीत घुसले. कारखान्यातली बाई तुम्हा शिकलेल्यांना खुपते, वाईट सूप मुद्दाम तिच्या माथी मारलंत, संघटना तुम्हाला सोडणार नाही, असं बरंच सुनावलं. डॉक्टर चहा ढवळत ऐकत होते.

“द्राहो, खाली बस,” माझ्या मागोमाग आत आलेली ब्लाझेना म्हणाली. “मीच बुडवली खेप. डॉक्टरांनी माप सांगितलं होतं. मला ते चोराचं माप वाटलं.”

मी बसले. काय करणार?

डॉक्टरांनी तिला हवेचं गणित समजावलं. तिने विचारलं, “म्हणजे वरची रिकामी जागा त्यांच्या श्वासाची?” ते हो म्हणाले. मग तिने, मान खाली न घालता, आणखी एक खेप मागितली. त्यांनी दिली. पण ही शेवटची, हेही सांगितलं.

आता समजलं होतं, पण हात ऐकेना. ओतायला लागली की हात पुढे जायचा. शेवटी तिने काचेवर लिहायचं लाल पेन मागून आणलं आणि प्रत्येक फ्लास्कवर पाचव्या हिश्शाला रेघ मारली. रेघ म्हटल्यावर मात्र हात जागच्या जागी थांबला. वर थेंब नाही, खाली थेंब नाही. तिथल्या एका पोराने चिडवलं, “ब्लाझेनाबाई, फेस कुठाय?”

“तुझ्या डोक्यात,” ती म्हणाली. “जास्त हलू नकोस, उतू जाईल.”

निकालाच्या दिवशी मी संघटनेतल्या दोघींना घेऊन प्रयोगशाळेच्या फाटकावर उभी राहिले. भाषण तयार होतं, चांगलं होतं. ब्लाझेना हात पुसत बाहेर आली. तपासणीत प्रथिन जितकं जास्त तितकी त्याची पट्टी जाड उमटते; हिची बोटाएवढी उमटली होती म्हणे.

“कायम केलं,” ती म्हणाली.

“आणि माझं भाषण?”

“ट्रामवाल्याला ऐकव. नाही तर आत या तिघी, डॉक्टरांच्या आईने आलुबुखारचे कोलाचे पाठवलेत. पाय पुसून या.”

कोलाचे, म्हणजे आमचे ते भरलेले गोड पाव, फर्मास होते. भाषण मी पुढच्याच आठवड्यात एका काचकारखान्याच्या मालकाला ऐकवलं, आणि त्याला ते जास्त शोभलं.